जुन्या हॉकी कार्डावरची सही: घरी पडताळावी की संस्थेकडे पाठवावी?

कॅनडात छापलेले १९५० किंवा १९६० च्या दशकातील आइस हॉकीचे कार्ड, म्हणजे खेळाडूचे चित्र असलेला संग्रहासाठीचा छोटा पुठ्ठा, हाती आले आणि त्यावर शाईने केलेली सही दिसली, की संग्राहकाला एक निर्णय घ्यावा लागतो. ती सही भिंग आणि नमुना सह्या घेऊन स्वतः पडताळायची, की पीएसए, जेएसए किंवा बेकेट यांसारख्या सह्यांचा खरेखोटेपणा तपासणाऱ्या संस्थेकडे शुल्क भरून पाठवायची? कार्ड विकायचे असेल तर संस्थेचे प्रमाणपत्र जवळजवळ अपरिहार्य आहे, हे आधीच मान्य करतो. मात्र घरच्या तपासणीत जे काही मिनिटांत कळते, तेच संस्थेकडून कळावे म्हणून शुल्क भरणारे आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

घरच्या तपासणीचे खरे बळ अशक्य गोष्टी वगळण्यात आहे. टोरांटोच्या पार्कहर्स्ट कंपनीने १९५१-५२ च्या हंगामात १०५ कार्डांचा संच काढला आणि मॉरिस रिशार, गॉर्डी हाउ, टेरी सॉचक यांची कार्डे त्यात आली. पुढच्याच हंगामाच्या संचात मात्र कार्डाच्या दर्शनी बाजूला खेळाडूची सही छापलेलीच होती. नवख्याची पहिली फसगत येथे होते. छापील सही ओळखण्याचा उपाय अगदी साधा आहे: त्याच कार्डाच्या दुसऱ्या प्रतीचे छायाचित्र शेजारी ठेवावे. दोन्हीकडे सही त्याच जागी, त्याच तिरकेपणाने आणि त्याच वळणाने आलेली असेल, तर ती छपाई आहे, कारण कोणताही माणूस दोनदा हुबेहूब एकसारखी सही करत नाही. शाईची खरी सही कधीकधी या छापील सहीवरूनच गेलेली असते. अशा वेळी कार्ड तिरप्या उजेडात धरले, तर बॉलपेनच्या दाबाने पुठ्ठ्यात उमटलेली खाच दिसते.

दुसरी कसोटी कालक्रमाची. बिल बारिल्को या खेळाडूने २१ एप्रिल १९५१ रोजी जादा वेळेत गोल करून टोरांटोच्या संघाला स्टॅनली कप हा आइस हॉकीतला मानाचा करंडक मिळवून दिला आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला तो विमान अपघातात नाहीसा झाला. विमानाचे अवशेष १९६२ मध्ये सापडले. त्याच्या त्या गोलाचे कार्ड १९५१-५२ च्या संचात आहे, म्हणजे ते दुकानात आले तेव्हा बारिल्को हयात नव्हता. त्या कार्डावर त्याची सही कोणी दाखवली, तर पुढच्या चर्चेची गरजच उरत नाही. हीच पद्धत लेखणीलाही लावता येते. बॉलपेन उत्तर अमेरिकेच्या बाजारात ऑक्टोबर १९४५ मध्ये आले आणि शार्पी मार्कर १९६४ मध्ये. त्यामुळे मार्च १९३७ मध्ये वारलेल्या हाउई मोरेन्झची बॉलपेनने केलेली सही असूच शकत नाही. उलट, १९५३ च्या कार्डावर मार्करची सही दिसली म्हणून ती लगेच खोटी ठरत नाही. गॉर्डी हाउ २०१६ पर्यंत हयात होते आणि चाहते जुनी कार्डे त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवत असत. सही कोणत्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही, एवढेच कार्डाचे वर्ष सांगते; सहीचे वर्ष सांगत नाही. घडीच्या भेगेत शाई उतरलेली असेल, तर कार्ड मोडल्यावर सही झाली एवढेच सिद्ध होते. फाउंटन पेनची शाई तकाकी नसलेल्या पुठ्ठ्यात कडेने पसरते, हेही येथेच पाहून घ्यावे.

येथवर घरची बाजू सरस आहे. अक्षर जुळवण्याची वेळ आली, की ती कमकुवत पडू लागते. कार्डावर खेळाडूचे नाव छापलेले असल्यामुळे आपला डोळा अस्पष्ट रेघोट्यांतही तेच नाव वाचतो, आणि हा मोह अनुभवी माणसालाही आवरत नाही. म्हणून आधी नाव झाकून सही वाचावी, मग त्याच काळातल्या निदान पाच-सहा नमुन्यांशी ताडावी. अक्षराचा आकार नकलाकारालाही साधतो. हाताचा वेग मात्र त्याला साधत नाही. रेघ थरथरलेली असेल, अक्षराच्या मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवलेले दिसत असेल, तर सावध व्हावे. मात्र म्हातारपणी थरथरलेला खरा हातही असाच दिसतो, हेही विसरू नये.

संस्थेकडे नेमका हाच साठा असतो: एकेका खेळाडूच्या तरुणपणापासून अखेरपर्यंतच्या सह्या आणि त्या रोज पाहणारे डोळे. १९९० च्या दशकात अमेरिकेत एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात क्रीडासह्यांचे बनावट कारखाने उघडकीस आले, त्यानंतर खरेदीदार अशा तटस्थ मतावर अधिक विसंबू लागले. तरीही ते मतच असते. सही होताना संस्थेचा माणूस समोर नव्हता, आणि एका संस्थेने नाकारलेली सही दुसरीने मान्य केल्याचे प्रकारही घडतात. शुल्क सहसा खेळाडूच्या लौकिकानुसार आणि वस्तूच्या किमतीनुसार चढत जाते; त्यात भारतातून पाठवण्याचा विमा, टपालखर्च आणि परतीचे सीमाशुल्क धरले, तर सामान्य खेळाडूच्या कार्डासाठी हा व्यवहार परवडत नाही. टोरांटोजवळच्या मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकाला मात्र स्थानिक प्रदर्शनांत कार्ड प्रत्यक्ष नेऊन दाखवता येते, आणि त्याने ती सोय जरूर घ्यावी.

शेवटी प्रश्न खेळाडूचा उरतो. जाँ बेलिव्हो २०१४ पर्यंत हयात होते, सुवाच्य सही करत आणि चाहत्यांना उदारपणे देत. त्यांच्या सह्यांचे नमुने मुबलक आहेत, म्हणून स्वतःच्या संग्रहासाठी घेतलेले त्यांचे कार्ड मी घरीच पडताळीन आणि तेथेच थांबेन. टेरी सॉचक मे १९७० मध्ये चाळिशीतच गेला. त्याच्या खऱ्या सह्या थोड्या आहेत, किंमत मोठी आहे आणि नकलेचा मोहही तेवढाच मोठा आहे. अशा कार्डासाठी मी विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वीच संस्थेचे मत मागेन, आणि त्याने ते नाकारले तर कार्ड कितीही आवडले तरी सोडून देईन.