पदवी नसताना आयटी अनुभवाला ऑस्ट्रेलियाची मान्यता: चिपळूणहून केलेल्या आरपीएल अर्जाचा सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

मी चिपळूणच्या एका पतसंस्थेत एप्रिल 2012 पासून नोकरीला आहे. शिक्षण बारावी कॉमर्स, बी.कॉम.चे दुसरे वर्ष सुटले ते सुटलेच. संस्थेच्या नऊ शाखा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या असून त्यांचे नेटवर्क, मुख्यालयातील सर्व्हर, फायरवॉल आणि रोजचा बॅकअप ही सर्व कामे माझ्याकडे आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये, नवरात्र उलटल्यावर, मी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीच्या, म्हणजेच एसीएसच्या, ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजे आरपीएल (आधी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता), या मार्गाने अर्ज करण्याची तयारी सुरू केली. जून 2024 मध्ये अर्ज भरला आणि सप्टेंबरच्या अखेरीस निकालाचे पत्र हाती आले. हे लिहिताना फेब्रुवारी 2025 चालू आहे. पत्र आल्याच्या आनंदात लिहिले असते, तर हा अनुभव एकतर्फी झाला असता; त्या पत्राचा नेमका उपयोग किती, हे कळायला मधले महिने जावे लागले.

ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतरासाठी आयटीतील पदांचे कौशल्य-मूल्यांकन एसीएस करते. ज्यांच्याकडे आयटीची पदवी आहे त्यांचा मार्ग वेगळा आहे. ज्यांची पदवी दुसऱ्या विषयाची आहे किंवा ज्यांच्याकडे पदवीच नाही, त्यांच्यासाठी आरपीएल आहे. दुसऱ्या विषयाची पदवी असेल तर सहा वर्षांचा अनुभव लागतो, त्यातले एक वर्ष अर्जातील पदाशी जवळून संबंधित असावे लागते. माझ्यासारख्या पदवी नसलेल्या माणसाला आठ वर्षे दाखवावी लागतात आणि त्यातली दोन वर्षे त्याच पदाच्या कामाची असावी लागतात. आठवड्याला वीस तासांपेक्षा कमी काम असेल तर ते मोजत नाहीत. मी ‘कॉम्प्युटर नेटवर्क अँड सिस्टिम्स इंजिनिअर’, संकेतांक 263111, या पदासाठी अर्ज केला. नोकरीपूर्वी दोन वर्षे एका दुकानात कॉम्प्युटर जोडून देत असे, ते मी अर्जात घेतलेच नाही, कारण त्या कामाची पातळी या पदाची नव्हती आणि मालकाकडे माझ्या नावाचा कागदही नव्हता. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जोडावे की काय, यावर मात्र घरात बराच खल झाला. ते जोडले नाही, कारण संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम म्हणजे पदविका नव्हे.

या संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ कशाने खाल्ला असेल, तर अनुभवाच्या दाखल्याने. दाखला संस्थेच्या लेटरहेडवर हवा, त्यात नोकरीची सुरुवातीची तारीख दिवस-महिना-वर्षासह हवी, काम पूर्णवेळ की अर्धवेळ ते हवे, काम कोणत्या देशात केले ते हवे, प्रत्यक्ष कामांचे वर्णन हवे आणि सही करणाऱ्याचा संपर्कही हवा. आमच्याकडे दाखला म्हणजे ‘सदर कर्मचारी आमच्या संस्थेत कार्यरत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे’ एवढीच दोन ओळींची गोष्ट असते. शिवाय मस्टरवर माझे पद आजही ‘लिपिक-नि-संगणक चालक’ असेच आहे. मी इंग्रजीत तयार केलेला मसुदा घेऊन व्यवस्थापकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “अरे बाबा, तू इंजिनिअर कधी झालास? उद्या ऑडिटर विचारेल, नेमणूक क्लार्कची आणि दाखला इंजिनिअरचा कसा, तर मी काय सांगू?”

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पदाचे नाव बदलून घ्यावे म्हणून मी तीन आठवडे मागे लागलो, ते मात्र माझे चुकले. तोडगा साधा निघाला. दाखल्यात पदनाम मस्टरप्रमाणेच ठेवले आणि त्याखाली प्रत्यक्ष कामे लिहिली: शाखा जोडणाऱ्या व्हीपीएनची रचना, फायरवॉलचे नियम, सर्व्हरची देखभाल, बॅकअप आणि त्याची चाचणी, लाइन पुरवणाऱ्या कंपन्यांशी व्यवहार. मूल्यांकन कामाच्या स्वरूपाचे होते, पदाच्या नावाचे नव्हे, ही गोष्ट व्यवस्थापकांना पटली आणि त्यांनी सही केली. सहकारी संस्थेत, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ‘शिपाई’ अथवा ‘क्लार्क’ या नावाखाली वर्षानुवर्षे संगणकाचे काम करणारी माणसे कोकणात पुष्कळ आहेत. त्यांनी पदनामाच्या मागे लागून दिवस घालवू नयेत.

पगाराचा पुरावा ही दुसरी अडचण. पतसंस्थेच्या कर्मचाऱ्याचा पगार संस्थेतल्याच बचत खात्यात जमा होतो, त्यामुळे माझे जुने पासबुक मराठीत, काही ठिकाणी हाताने लिहिलेले, आणि एका पानावर चहाचा डाग. इंग्रजीत नसलेला प्रत्येक कागद अधिकृत भाषांतरासह द्यावा लागतो. अर्ज गेल्यावर तपासणाऱ्या अधिकाऱ्याने 2014 ते 2016 या काळातील पगाराचे अधिक पुरावे मागितले, तेव्हा भविष्य निर्वाह निधीचे पासबुक आणि फॉर्म 16 कामी आले. पहिल्या वर्षीची पगारपत्रके संस्थेकडेही नव्हती, कारण ती जुन्या दप्तरासोबत पुरात गेली होती. त्या काळासाठी तेव्हाच्या सहकाऱ्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र आणि नेमणुकीच्या पत्राची माझ्याकडची प्रत दिली. स्वतःच स्वतःविषयी केलेले प्रतिज्ञापत्र अशा ठिकाणी उपयोगाचे नसते.

आरपीएलचा गाभा म्हणजे त्याचा अहवाल. त्याच्या पहिल्या भागात आपले ज्ञान कोठून आणि कसे मिळाले ते लिहायचे असते: नेटवर्किंग, हार्डवेअर व सॉफ्टवेअरची मूलतत्त्वे, माहितीची सुरक्षितता, व्यावसायिक नीती, सहकाऱ्यांशी संवाद वगैरे. वर्गात शिकलेला मनुष्य येथे विषयांची नावे लिहून मोकळा होईल. आमच्यापाशी ती सोय नाही, म्हणून मी प्रत्येक मुद्द्याला एकेक प्रसंग जोडला. गुहागर शाखेतील लाइन दर पावसाळ्यात रेंगाळत असे. राउटर बदलले, केबल बदलली, उपयोग झाला नाही. एके दिवशी पॅच पॅनेलमधून कनेक्टर काढून उजेडात धरला, तेव्हा त्याच्या आठ पिनांपैकी तीन हिरव्या पडलेल्या दिसल्या. खारा वारा खिडकीतून थेट रॅकवर येत होता. त्यानंतर किनाऱ्यावरील शाखांत बंद रॅक, जाड सोन्याच्या मुलाम्याचे कनेक्टर आणि दर सप्टेंबरात तपासणी हा नियम मी घालून दिला. तसेच जांभ्या दगडातील आर्थिंगचे. मे महिन्यात जमीन कोरडी पडली की आर्थिंगचा रोध वाढतो, आणि वळवाच्या विजा नेमक्या त्याच दिवसांत पडतात. दोन शाखांतील स्विच जळाल्यावर मीटर लावून रोध मोजायला मी शिकलो. अहवालाचा हा भाग लिहिताना मला स्वतःलाच प्रथम जाणवले की आपण जे ‘जुगाड’ म्हणून सांगत आलो, त्यातले निम्मे तरी निदान, मोजमाप आणि उपाय या क्रमाने केलेले काम होते.

दुसऱ्या भागात दोन प्रकल्पांचे अहवाल लागतात. त्यांपैकी एक मागील तीन वर्षांतील आणि दुसरा मागील पाच वर्षांतील असावा लागतो. माझा पहिला प्रकल्प 22 जुलै 2021 च्या महापुरानंतरचा. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि तळमजल्यावरचा आमचा सर्व्हर पूर्ण पाण्याखाली गेला. बॅकअपची हार्ड डिस्क मी रोज संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून घरी नेत असे आणि घर डोंगराच्या अंगाला आहे, म्हणून खातेदारांची माहिती वाचली. पहिला मसुदा मी याच गोष्टीने भरला: पाणी किती चढले, चिखल कसा उपसला, कर्मचारी कसे राबले. अकरा पाने झाली. आठ दिवसांनी वाचताना लक्षात आले की फॉर्ममध्ये विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात धड नाही. समस्या काय होती, कोणते पर्याय होते, हीच रचना का निवडली, नेटवर्कची मांडणी कशी, सुरक्षिततेची व्यवस्था कोणती, माहिती कोठे साठवली, प्रकल्पात माझा वाटा किती आणि परिणाम काय झाला, हे त्यांना हवे असते. आपण किती सोसले हे कोणी विचारलेले नसते.

मग सारे पुन्हा लिहिले. सर्व्हर वरच्या मजल्यावर नेणे, रत्नागिरी शाखेत दुसरा सर्व्हर ठेवून दर पंधरा मिनिटांनी माहितीची नक्कल करणे, प्रत्येक शाखेला मुख्यालय बंद पडल्यास रत्नागिरीकडे वळवणारी व्हीपीएन रचना करणे, आणि क्लाउडचा पर्याय त्या वेळी का नाकारला, याची कारणे लिहिली. पुराला एक परिच्छेद उरला. दुसरा प्रकल्प 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली आणि मंडणगड शाखांना मोबाइल डेटाची पर्यायी जोडणी देण्याचा होता. एका कामावरून शिकलो होतो, म्हणून तो चार रात्रींत लिहून झाला.

याच सुमारास एका सल्लागाराशी गाठ पडली होती. त्याने साठ हजार रुपयांत दोन्ही अहवाल ‘रेडी’ करून देण्याची तयारी दाखवली आणि नमुना म्हणून एका बहुराष्ट्रीय बँकेच्या डेटा सेंटरचा अहवाल पाठवला. त्यातील एक वाक्य मी इंटरनेटवर शोधले, तर ते जसेच्या तसे तीन ठिकाणी सापडले. एसीएस हे अहवाल टर्निटिनसारख्या साधनाने तपासते. मजकूर उचललेला आढळला तर अर्ज अपात्र ठरतो आणि तसे ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याला कळवले जाऊ शकते. पुढे व्हिसाच्या टप्प्यावर खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर 4020 या निकषाखाली तीन वर्षे व्हिसाचे दार बंद होऊ शकते. इंग्रजी साधे असले तरी चालते. माझ्या अहवालात व्याकरणाच्या चुका राहिल्याच असतील, पण त्या माझ्या होत्या.

आता निकालाविषयी. पत्रात माझी कौशल्ये 263111 या पदासाठी योग्य ठरवली आहेत आणि एप्रिल 2020 नंतरचा अनुभव योग्य पातळीचा मानला आहे. म्हणजे एप्रिल 2012 पासूनची आठ वर्षे पदवीच्या जागी खर्ची पडली. हे नियमात आधीपासून लिहिलेले आहे, तरी अनेक अर्जदार ‘माझा बारा वर्षांचा अनुभव’ धरूनच व्हिसासाठी लागणाऱ्या गुणांची बेरीज करतात आणि मग पत्र हाती आल्यावर बसून राहतात. सुरुवातीला मीही हेच केले होते. शिवाय आरपीएलने कौशल्य मान्य होते, पदवी मिळत नाही. गुणतालिकेत बॅचलर पदवीला जे 15 गुण असतात ते आमच्या वाट्याला येत नाहीत.

माझा हिशेब असा आहे. वय 36, म्हणून 25 गुण. इंग्रजीत आयईएलटीएसच्या चारही विभागांत 7 मिळाल्यास 10 गुण. पहिल्या खेपेला लेखनात 6.5 आल्याने ते हुकले, दुसऱ्या खेपेला मिळाले. ऑस्ट्रेलियाबाहेरचा अनुभव तीन वर्षांपासून पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत असेल तर 5, पाच वर्षे पूर्ण झाल्यावर 10. पत्नीचे इंग्रजी पुरेसे असल्याने 5. निकाल आला त्या दिवशी हे सारे मिळून 45 होत होते, आणि 491 या प्रादेशिक (मोठ्या शहरांबाहेरच्या भागांसाठीच्या) व्हिसासाठी राज्याचे नामनिर्देशन मिळाल्यास आणखी 15, म्हणजे 60. किमान मर्यादा 65 आहे. एप्रिल 2025 मध्ये मान्य अनुभवाला पाच वर्षे पूर्ण होतील आणि काठावरचे 65 होतील, तेही मी याच नोकरीत, याच कामावर राहिलो तर. 65 झाले म्हणजे व्हिसासाठी अर्ज करण्याचे निमंत्रण आले असे नव्हे, कारण राज्ये आपापले निकष लावतात आणि जास्त गुणांचे अर्जदार पुढे असतात. इंग्रजीत चारही विभागांत 8 मिळाल्यास 20 गुण होतात, त्यामुळे सध्या रोज पहाटे एक निबंध लिहिणे चालू आहे. मूल्यांकनाचे पत्र दोन वर्षे चालते, म्हणजे माझ्याकडे सप्टेंबर 2026 पर्यंत वेळ आहे.

माझा अनुभव विचाराल तर प्रक्रियेला मी पाचपैकी चार तारे देईन. जे मागितले जाते ते आधी लिहून ठेवलेले आहे आणि बारावी पास माणसाच्या कामाकडे तेथे काम म्हणूनच पाहिले गेले. एक तारा कापतो तो शुल्कासाठी. ते ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये भरावे लागते आणि निकाल विरुद्ध गेला तरी परत मिळत नाही, हे पतसंस्थेच्या पगारावर जाणवते. ज्यांचा अनुभव आठ वर्षांहून थोडाच जास्त आहे, त्यांनी आधी पुढील गुणांची बेरीज करावी आणि मगच पैसे भरावेत. चाळिशीजवळ आलेल्यांनी तर अधिकच, कारण 40 ते 44 या वयोगटाला 15 गुणच मिळतात आणि 45 नंतर मार्गच बंद होतो. ज्यांना प्रत्यक्ष नोकरीचा प्रस्ताव मिळण्याची शक्यता आहे, त्यांनी जर्मनीचाही विचार करावा. नोव्हेंबर 2023 पासून तेथे आयटीतल्या माणसाला पदवी नसतानाही, मागील सात वर्षांतील तीन वर्षांचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार असल्यास, ब्लू कार्ड (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा राहण्या-काम करण्याचा परवाना) मिळू शकते.

व्यवस्थापकांनी दाखल्याची एक प्रत संस्थेच्या दप्तरी लावली. मागच्या महिन्यात ऑडिटर आले, त्यांनी ती पाहिली आणि पदनामाबद्दल काही न विचारता रत्नागिरीच्या दुसऱ्या सर्व्हरचे बिल मागितले. ते मी पुरानंतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवले होते, ते काढून दिले.