घरचं सक्शन मशीन, नऊ महिने वापरून : सगळं ठीक, ती रिंग सोडून

मागच्या आठवड्यात कंपनीचा मेसेज आला, 'आमच्या मशीनला पाचपैकी किती तारे द्याल?' खाली लिहायला एवढीशी चौकट. माझा राग त्या चौकटीत मावणारा नाही, म्हणून इथे लिहितेय.

कंपनीचं नाव मुद्दाम टाळते. श्वासनलिकेतला कफ ओढून काढणारी, बॅटरीवर चालणारी ही मशीनं आतून एकमेकांची भावंडंच असतात, त्यामुळे नाव कळून फार फरक पडणार नाही. व्हॅक्यूम किती, कफ साठणारा जार किती मिलीचा, वजन किती हे बॉक्सवर असतं, तेही सोडून देते. ज्यांच्या घरी गळ्यात श्वासाची ट्यूब असलेलं, ट्यूबवालं मूल आहे त्यांना ते पाठच असतं.

आमची लेक सव्वादोन वर्षांची आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली, पहिले दोन महिने व्हेंटिलेटरवर होती. घशातून घातलेल्या त्या नळीने जीव वाचवला आणि जाता जाता स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिका आकसून ठेवली. गेल्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, पुन्हा नळी घालावी लागली, ती निघेना, आणि ऑगस्टमध्ये ट्रॅकिओस्टॉमी झाली, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत ट्यूब बसवली. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एक ओळ होती : घरी सक्शन मशीन असल्याखेरीज सोडता येणार नाही. म्हणजे आधी मशीन घरी, मग पोर.

त्यामुळे घासाघीस करायला वेळच मिळाला नाही. १५,००० अधिक १२ टक्के जीएसटी, एकूण १६,८०० रुपये. महिना उलटायच्या आत, २२ सप्टेंबरला, सरकारने हा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला. माझे सरळ १,०५० रुपये गेले. कुणाचाच दोष नाही, मला कळतं. तरी बिल फाईलला लावताना प्रत्येक वेळी तो आकडा डोळ्यात जातो.

पहिले चार महिने मशीनबद्दल तक्रार नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे व्हॅक्यूमचा काटा १०० वर लावायचा, ट्यूबच्या लांबीएवढी खूण केलेली कॅथेटर, म्हणजे कफ ओढायची बारीक नळी, आत घालायची, बाहेर काढताना ओढ द्यायची, आणि हे सगळं दहा सेकंदांच्या आत. सुरुवातीला मी मोठ्याने आकडे मोजायचे. आता हात आपोआप चालतो, भाजीला फोडणी देता देता थांबून सक्शन करून परत कढईकडे. मशीनचा आवाज जुन्या मिक्सरसारखा आहे, पण शेजारच्या काकूंनी एकदाही तक्रार केली नाही. उलट एक दिवस आवाज आला नाही तर विचारायला आल्या.

आता त्या रिंगेकडे येते.

जानेवारीतली रात्र, तीन वाजून दहा मिनिटं. निफाडचा पारा किती उतरला हे रोज पेपरात येत होतं. आमच्या नाशिकच्या सिडकोत तेवढी थंडी नसते, पण हवा मात्र चरचरीत कोरडी. नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाची हवा नाकात ओली आणि कोमट होते. ट्यूबवालं मूल नाक वगळूनच श्वास घेतं, त्यामुळे अशा हवेत कफ डिंकासारखा घट्ट होतो. आणि असं मूल रडलं तरी ऐकू येत नाही, कारण हवा स्वरयंत्रापर्यंत पोचतच नाही. रडणं फक्त दिसतं. अंधारात तेही दिसत नाही. आम्हाला जागं केलं ते बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या अलार्मने. आकडा ९१, मग ८८.

मशीन चालू केलं. आवाज नेहमीचाच. पण काटा चाळीसच्या वर जाईना. बटण बंद-चालू केलं, चार्जर लावला, कॅथेटर बदलली. चाळीस. इकडे ८४. नवऱ्याला झाकणापाशी फुस्स असा आवाज ऐकू आला. तो जमिनीवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी जारचं झाकण असं दाबून धरलं, जसा काही आतून नागच बाहेर येणार आहे. काटा ९० वर गेला. मी आत-बाहेर केलं, हिरवट गोळा सुटला, आकडा चढू लागला. ९५ दिसेपर्यंत त्याने हात काढले नाहीत. सकाळी त्याच्या तळव्यांवर झाकणाची गोल खूण होती.

तुम्ही विचाराल, पायाने चालवायचं सक्शन नव्हतं का घरात? नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण बॅटरीचं आहे ना, मग कशाला, असं म्हणून अठराशे रुपये वाचवले होते. दुसऱ्याच दिवशी आणलं. तुम्हीही आणा आणि हे वाचवणं करू नका. त्याला वीज, बॅटरी काही लागत नाही, फक्त पाय लागतो.

अक्कल सकाळी आली. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, गळती शोधणं हे माझं रोजचं काम, आणि घरच्या मशीनवर मात्र रात्री नुसती धावपळ. रीत साधी आहे, लिहून ठेवा. आधी मशीनच्या तोंडावर थेट अंगठा ठेवायचा. काटा झपकन पूर्ण चढला तर पंप धडधाकट. मग फिल्टर लावून तेच. फिल्टर ओला झाला असेल तर हवा अडते, तो वाळवत बसू नका, बदला. मग जार जोडून. आमच्याकडे पहिल्या दोन्ही पायऱ्यांना काटा सहाशेकडे धावला आणि जार लावताच आडवा पडला. म्हणजे झाकणातली रबरी रिंग.

डीलरकडे गेले. त्याने रिंग बघितलीही नाही. 'मॅडम, रिंग सुटी येत नाही, पूर्ण जार असेंब्ली घ्यावी लागेल, २,३५० रुपये, आठ-दहा दिवस.' वॉरंटी? 'रबरी भाग वॉरंटीत बसत नाही.' मी म्हटलं, अहो, घरात पोर आहे, दहा दिवस हिचे बाबा झाकण दाबून बसणार का? तो म्हणाला, कंपनीला मेल करा. केला. उत्तर आलं, आपला संदेश आमच्यासाठी मोलाचा आहे. पुढे काहीच नाही. शेवटी नवऱ्याने घाबरून दुसऱ्या शहरातून जार कुरिअरने मागवला, २,३५० अधिक कुरिअर. मी आठ दिवस त्याच्याशी नीट बोलले नाही.

पण त्यामुळे दोन्ही रिंगा हातात आल्या आणि मी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. नव्या रिंगेची जाडी ३.५ मिलिमीटर. जुनीची एका बाजूला २.९, आणि तीही चपटी. रबर दाबून दाबून बसलं होतं, उसळी गेली होती. जवळपास सतरा हजारांचं मशीन, आणि त्याचा जीव अर्ध्या मिलिमीटरवर! आधी भांडीबाजारात कुकरच्या रिंगा चाचपल्या. दुकानदार म्हणाला, 'ताई, एवढा छोटा कुकर कुणाचा असतो?' मग अंबडच्याच एका ओळखीच्या रबर मोल्डिंगवाल्याला नमुना दिला. सिलिकॉनच्या रिंगा, १८ रुपयाला एक, कमीत कमी दहा घ्या म्हणाला. १८० रुपये. काटा नव्या जारपेक्षा जास्त स्थिर राहतो.

इथवर लिहून मी दोन दिवस थांबले होते, आणि बरं झालं थांबले. परवा माहितीपुस्तिका पुन्हा चाळली तर बारीक अक्षरांत एक ओळ सापडली : जारचं झाकण ऑटोक्लेव्ह करू नये, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करू नये. मी म्हटलं, आम्ही कशाला करतोय. तेवढ्यात सासूबाई शांतपणे म्हणाल्या, 'मी रोज दुपारी झाकण कुकरमध्ये लावते, दोन शिट्ट्या.' बाळाच्या बाटल्या उकळतात, मग हे तर त्याहून घाण, असा त्यांचा हिशोब. आता प्रेशर कुकर म्हणजे घरचा ऑटोक्लेव्हच की. चार महिने रोज दोन शिट्ट्या म्हटल्यावर कुठलंही साधं रबर मान टाकेल.

तेव्हा डीलरवरचा माझा राग अर्धा मागे घेते. मी त्यांना 'आई, तुम्ही सांगितलं का नाही' असं म्हणणार होते, पण पुस्तिका तरी कुठे सांगते? 'कुकरमध्ये लावू नका' एवढे तीन शब्द मराठीत छापले असते तर सगळं घर समजलं असतं. उरलेला अर्धा राग रिंग सुटी न विकण्यावर आहे आणि तो कायम राहील. आता झाकण साबणाच्या कोमट पाण्यात धुतलं जातं, आणि सासूबाई लांबून बघत हळहळतात.

न्यायाने चांगलंही सांगायला हवं. बॅटरी. शनिवारी वीज गेली तरी दुपारपर्यंत ओढते. फेब्रुवारीत शस्त्रक्रियेला मुंबईला निघालो, समृद्धीवरून. इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा, मध्ये थांबायची सोय नाही, आणि नेमकी तिथेच ती घुरघुरायला लागली. मागच्या सीटवर, बोगद्याच्या पिवळ्या उजेडात, मांडीवर मशीन ठेवून सक्शन केलं. काटा १०० वर खिळल्यासारखा. नवरा आरशातून काट्याकडेच बघत होता, रस्त्याकडे बघ म्हणून ओरडावं लागलं.

शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. बरगडीच्या कूर्चेचा तुकडा घेऊन श्वासनलिका रुंद केली, आत काही आठवडे स्टेंट ठेवला, मग दुर्बिणीतून काढला. ट्यूब अजून आहे. त्या दिवसांबद्दल याहून जास्त लिहिण्याची माझी ताकद नाही. मशीन तेव्हा हॉस्पिटलच्या कपाटात झोपून होतं, तिथे भिंतीतलं सक्शन असतं.

आणि आता जी गोष्ट कुठल्याच बॉक्सवर छापलेली नसते ती. मशीनचं चालू करायचं बटण मोठं, हिरवं आणि दिव्याचं आहे. मला ते आधी खेळण्यासारखं वाटायचं. डिसेंबरात फिजिओथेरपीला तिला धरून उभं करण्याचा खटाटोप तीन आठवडे चालला होता. खुळखुळा, चेंडू, मोबाईलवरची गाणी, कशाला म्हणून दाद नाही. एक दिवस थेरपीच्या मध्येच सक्शन लागलं, मशीन स्टुलावर ठेवलं, आणि मी कॅथेटर उघडेपर्यंत ही स्टुलाची कड धरून उठली आणि हिरवं बटण दाबलं. थेरपिस्टबाई म्हणाल्या, 'ताई, उद्यापासून हे घेऊनच या.' मग त्या रोज स्टूल चार बोटं लांब सरकवायच्या. एप्रिलमध्ये ते अंतर चार पावलांचं झालं, आणि ती चार पावलं ती कुणाचं बोट न धरता गेली. आता सक्शन लागलं की बटण तिनेच दाबायचं. घाईत मी दाबलं तर बंद करून पुन्हा दाबते.

स्टेंट निघाल्यावर बोलण्याचा व्हॉल्व्ह लावून बघायला सांगितलं. तो ट्यूबच्या तोंडावर बसतो, श्वास आत घेऊ देतो आणि बाहेर जाताना वरच्या वाटेने, स्वरयंत्रातून पाठवतो. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, घाबरून काढायला लावला. पाचव्या दिवशी व्हॉल्व्ह लावून ती मशीनसमोर बसली होती. मशीन बंद होतं. तिने बटणावर बोट ठेवलं, आणि घसा खरडल्यासारखा आवाज आला, 'घर्रर्र...' मी मशीनकडे बघितलं. दिवा बंद. सासूबाई देवघरातून धावत आल्या. आठ महिन्यांनी ऐकलेला तिचा आवाज, आणि नक्कल कुणाची, तर याची! आई, बाबा, आजी सगळे अजून रांगेत आहेत.

तर तारे तीन. दोन रिंगेने खाल्ले. आवाज ऐकला त्या दिवशी पाच दिले असते, पण मग ते २,३५० आठवतात.

सध्या दिवसातून वीस वेळा लागायचं ते सहा-सातवर आलं आहे. जूनमध्ये पुन्हा दुर्बीण आहे. दहा रिंगांपैकी दोन वापरल्या, एक थेरपीला येणाऱ्या दुसऱ्या आईला दिली. उरल्या सात. त्यातली एक लेकीने बांगडी म्हणून कोपरापर्यंत चढवली आहे, ती काढू देत नाही. म्हणजे सहाच धरा.