बेळगावात लग्नाचा बस्ता: साड्या चांगल्या, बोलणं त्याहून चांगलं, पावतीचं तेवढं बघा

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे आणि एका ब्लाउजपायी कुणाच्या धंद्याला दृष्ट लावायची नाहीय. गणपत गल्लीच्या आसपास जी जुनी बैठकीची दुकानं आहेत ना, पांढऱ्या गाद्या, चपला बाहेर, बसल्या बसल्या चहा, त्यातलंच एक. आमच्या चंदगडकडची निम्मी लग्नं तिथल्याच साड्यांवर झालीत. आम्ही जिल्ह्याने कोल्हापूरचे, पण बाजाराला, दवाखान्याला आणि बस्त्याला बेळगाव. कोल्हापूर लांब पडतं आणि बेळगावात उधारी पण मिळते, म्हणजे मिळायची आजोबांच्या वेळी.

तर चुलत बहिणीचं लग्न, मुलगा गोव्यातल्या डिचोलीचा. त्यांना चोर्ला घाट चढून बेळगाव, आम्हाला शिनोळीवरून बेळगाव, म्हणून दोघांनी मिळून तिथंच बस्ता करायचा ठरला. माणसं किती होती ते विचारू नका, बैठकीचा एक कोपरा आम्हीच भरला. भाषा मात्र मोजण्यासारख्या होत्या. आमची चंदगडी मराठी, पाव्हण्यांची कोंकणी, संकेश्वरात वाढलेली माझी आत्या जी रागावली की कन्नडमध्येच रागावते, मुंबईचा एक मामा जो दुकान म्हटलं की आपोआप हिंदी सुरू करतो, आणि नवरदेवाच्या पर्वरीच्या इंग्लिश मीडियमवाल्या बहिणी.

आम्हाला जो सेल्समन मिळाला (खानापूर तालुक्यातला, नाव नको) त्याला माझ्याकडून पाचपैकी सहा. घरात मराठी, शाळा आधी मराठी मग हायस्कूल कन्नड, आणि गिऱ्हाईकाकडून कोंकणी शिकलोय म्हणाला. आम्ही पायऱ्या चढत असतानाच याने आमचं बोलणं ऐकलं असणार, कारण बसायच्या आत आईला "या की वैनी, बसा की, घ्यायचं नसलं तरी बघा की" आणि पाठोपाठ नवरदेवाच्या आईला "बाये, बसात". पुण्यात मी मोठ्या शोरूममध्ये जाते तिथं मराठीत विचारलं तरी समोरून "जी मॅम" येतं आणि मग मी पण मुकाट्याने हिंदीत शिरते, का शिरते ते मला पण सांगता येणार नाही. इथं उलटं. कुठल्या भाषेत बोलायचं हे गिऱ्हाईकाने ठरवायचं आणि सेल्समनने मागून यायचं, त्यासाठी वेगळी सौजन्याची नोटीस लावायला लागत नाही.

आणि नुसते शब्द बदलत नव्हता हो, माल सांगायची पद्धत पण बदलत होता. इरकल काढली तेव्हा आमच्याकडच्या बायकांना सांगितलं, धुवा आपटा, रंग जाणार नाही, नऊवारीत पण आहे, टोपपदर बघा. तीच साडी पाव्हण्यांकडे सरकवली आणि कोंकणीत सांगायला लागला की अंगाला हलकी आहे, घामाला चांगली, उन्हाळ्यातल्या लग्नाला जड वाटणार नाही. साडी एकच. आमच्याकडं टिकाऊपणा खपतो आणि गोव्यात हलकेपणा, हे त्याला पाठ.

इरकल घेणार असाल तर हे वाचा, मला पण तिथंच नीट कळलं. मूळ माल बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचा, त्याला जीआय टॅग आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचं अशी सरकारी नोंद. खऱ्या हातमागाच्या साडीत अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, दोन्ही एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. म्हणून पदर जिथं सुरू होतो तिथं साडी उलटी करून बोट फिरवा, जोड हाताला लागतो. त्याने आमच्या प्रत्येकीचं बोट धरल्यासारखं तिथं फिरवायला लावलं आणि मग स्वतःच एक पॉवरलूमची काढून म्हणाला ह्याच्यात लागणार नाही, ही स्वस्त आहे, आहेराला चालती. हा प्रामाणिकपणा मला आवडला. ओटीचे खण गुळेदगुड्डचे होते, ते पण चांगले, आणि शहापूरच्या मागावरच्या साध्या साड्या आहेराच्या गठ्ठ्यात घेतल्या. शहापूर म्हणजे आत्ता बेळगावचाच भाग पण संस्थानाच्या काळात ते सांगलीकरांकडं होतं, म्हणजे तिथल्या विणकराने तेव्हापासून किती सरकारं आणि किती सरकारी भाषा बघितल्या असतील विचार करा, माग तोच.

आता भावाची घासाघीस. हा भाग नीट वाचा, कामाचा आहे.

नवरदेवाच्या मावशीला शालूचा भाव जास्त वाटला. ती बहिणीच्या कानाशी, पण बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली, "म्हारग दिसता गो, चारांचेर वचूं नाका." महाग दिसतंय, चार हजारांच्या वर जाऊ नका. कोंकणीत बोलली म्हणजे तिच्या हिशेबाने गुपित झालं. सेल्समन अजिबात हसला नाही, त्याने शालू घडी करून बाजूला ठेवला आणि खालच्या फडताळातून दुसरा गठ्ठा ओढला, "बाये, चार हजारांत बरीं कापडां आसात, हांव दाखयतां." मावशी लाल. आमच्या बाजूला सगळे हसले. पण हसू जास्त वेळ टिकलं नाही, कारण आमची पण तीच सवय आहे, पुण्यातल्या दुकानात मी आणि आई भाव करताना मुद्दाम चंदगडीत बोलतो.

पण पलीकडून पण तेच चालू होतं. शेवटची बेरीज झाल्यावर आम्ही कमी करा म्हणून अडून बसलो तेव्हा गल्ल्यावरच्या मालकांनी मान वर न करता सेल्समनला सांगितलं, "ऐनूर तनक बिडो." पाचशेपर्यंत सोड. आणि आमची आत्या, जी तोपर्यंत भिंतीला टेकून पेंगत होती (मला तसं वाटत होतं), डोळे न उघडता म्हणाली, "ऐनूर याक, साविर बिड्री." पाचशे कशाला, हजार सोडा. अख्खं दुकान थांबलं. मालक उठून आले, आत्याला विचारलं कुठल्या म्हणून, संकेश्वर म्हटल्यावर कुणाच्या घरातल्या, मग त्यांचा कोण मावसभाऊ तिथं निघाला, मग कन्नडमध्ये दहा मिनिटं पाहुणे जुळवणं झालं आणि हजार सुटले. वर एक साडी आत्याला, ती पण "हे दुकानाकडून, अक्का" असं मराठीत. बाकी आम्ही तासभर जे मराठीत मागत होतो ते तिने चार शब्दांत घेतलं. त्यामुळे बेळगावला बस्त्याला जाताना घरातलं एक कन्नड येणारं माणूस न्याच, आणि त्याला शेवटपर्यंत गप्प बसायला सांगा.

पर्वरीच्या मुलींचं थोडं हाल झालं. त्यांना कोंकणी येते, मराठी कळते, पण भाव सगळे पावणे-सव्वात. "पावणेसात" म्हटल्यावर एकीने फोनमध्ये सात हजार सातशे पन्नास टाकलं आणि महाग आहे म्हणून साडी परत ढकलली. सेल्समनने लगेच ओळखलं, पुढचे सगळे भाव त्यांना इंग्लिश आकड्यांत, "सिक्स थाउजंड सेव्हन फिफ्टी", आणि म्हाताऱ्यांना तसेच पावणेसात, एकाच दमात डावीकडे एक उजवीकडे एक. आमच्याकडचे भाचरे पण काही वेगळे नाहीत, एकोणसाठ म्हटलं की तोंडाकडे बघतात, त्यामुळे गोव्याच्या पोरींना हसण्यात अर्थ नाही.

पैसे भरताना युपीआयचा डबा कन्नडमध्ये बोलला. मामाने एवढी मोठी रक्कम पाठवली होती आणि डब्यातली बाई काय म्हणाली हे त्याला कळेना, दोनदा विचारलं "आ गया ना?" मालकांनी नुसता हात वर केला. गिऱ्हाईक कुठल्या पण भाषेतलं असू दे, डबा मात्र मालकाला कळेल असाच ठेवायचा, बरोबरच आहे त्यांचं.

आता तक्रार. वरचा सगळा गोडवा बोलण्यापुरता, कागद हातात आला की गायब. बिल इंग्लिशमध्ये. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्लिशच, की ब्लाउजपीस कापल्यावर साडी बदलून मिळणार नाही आणि इतक्या दिवसांनंतर काहीच बदलून मिळणार नाही. तासन् तास चार भाषांत बोलणाऱ्या माणसांपैकी एकाने हे एका भाषेत तोंडाने सांगितलं नाही. आमच्या काकूला इंग्लिश येत नाही, ती बिल देवापुढं ठेवून मोकळी झाली.

ब्लाउजचं तर विचारू नका. माप घेणारी बाई मराठी, तिला बहिणीने सांगितलं बाही कोपराच्या वर चार बोटं. तिने सांगितलं तसं पलीकडच्या पोराने कन्नडमध्ये चिठ्ठीवर लिहिलं. शिवणारा मास्तर वरच्या मजल्यावर, तो उर्दू बोलणारा, त्याला चिठ्ठी तिसऱ्याने वाचून दाखवली. ब्लाउज आले ते बरोबर कोपरापर्यंत. चार बोटं वाटेत कुठं सांडली कुणाला माहीत. तोंडाने तिघं पण तिन्ही भाषा बोलतात, वाचायला मात्र प्रत्येकाला आपापलीच लिपी येते, खरी गोम तिथं आहे. दुरुस्त करून दिले, पैसे घेतले नाहीत, ते मान्य, पण त्यासाठी ऐन लग्नाच्या गडबडीत भावाला परत बेळगावला जावं लागलं. अहो चिठ्ठीवर ब्लाउजचं चित्र छापा आणि बाहीवर रेघ मारा, विषय संपला. आणि फोन केला तर नवीन मुलगा उचलतो, त्याला मराठी येत नाही आणि आईला कन्नड येत नाही, शेवटी दोघं मोडक्या हिंदीत. दोघांची पण दया आली.

पाटीबद्दल मला काही म्हणायचं नाही. वर मोठं कन्नड, खाली छोटं मराठी आणि इंग्लिश. कर्नाटकात 2024 च्या कायद्याने पाटीवर 60 टक्के कन्नड लागतंच, आणि शिनोळी ओलांडून आमच्याकडं आलं की 2022 च्या महाराष्ट्राच्या नियमाने मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे त्याच मालकाने उद्या आमच्या बाजूला शाखा काढली तर पाटी उलटी करून लावायची. गिऱ्हाईक तेच. 1956 ला बेळगाव तिकडं गेलं, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, घरात यावर मतं आहेत आणि माझं पण आहे, पण ते साडीच्या रिव्ह्यूत कशाला. एवढंच सांगते की मालकांना मामाने मुद्दाम डिवचायला विचारलं, तुम्ही मराठी की कन्नड, तर ते म्हणाले दुपारी जेवायला घरी जातो तेव्हा ठरवतो, आणि बिल करायला लागले.

जाणाऱ्यांसाठी. 1 नोव्हेंबरला अजिबात जाऊ नका, त्या दिवशी कर्नाटक स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक आणि त्याच्या निषेधाचा मराठी लोकांचा काळा दिवस एकाच शहरात असतो, बाजार आणि रस्ते दोन्हीचा भरवसा नाही. हिवाळी अधिवेशन बेळगावात भरतं, साधारण डिसेंबरात, तेव्हा पोलीस आणि ट्रॅफिक. आणि बसने जाणार असाल तर आदल्या दिवशी बातम्या बघा, फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या एसट्या थांबल्या होत्या, तसं झालं तर वडापशिवाय (सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी जीपशिवाय) गत्यंतर नाही. गाडी आणली तर बाजारात घालू नका, आधीच कुठंतरी लावून चालत या. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) शेवटी घ्या, आधी घेतला तर बैठकीवरच पोरं संपवतात.

साड्यांना पाचपैकी साडेचार, सेल्समनला वर दिलेत तेवढे, शिलाईला दीड आणि बिलाला शून्य. पुढच्या वर्षी धाकट्याचं लग्न आहे, साड्या तिथूनच घेणार, ब्लाउज मात्र गावातल्या आमच्या टेलरीणबाईकडे, तिला फक्त मराठी येतं पण बाही बरोबर येते.