पालक-सांबार (म्हणजे कोथिंबीर) उन्हाळ्यात कुठं टाकायचा: उघड्यावर, कडूलिंबाखाली की नेटखाली (सावलीच्या जाळीखाली)?

मेव्हण्याचा वाडीला प्लॉट आहे, कोपऱ्यात जुना कडूलिंब. तो म्हणे, भाऊजी, फुकटची सावली असताना नेटला पैसे कायले घालायचे, पालक नि सांबार झाडाखालीच टाकून देतो. मी मागच्या उन्हाळ्यात हेच करून बसलोय, एकाच पुड्यातलं पालकाचं बी एकाच दिवशी तिन्ही ठिकाणी टाकलं होतं, म्हणून जे दिसलं ते लिहून राहिलो.

आधी उघडं वावर. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या आसपास, दुपारचा उजेड १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) घरात. पालकाच्या पानाला त्यातला तिसरा हिस्सा, फार तर अर्धा वापरता येतो, बाकीचा नुसता ताप. त्यात ऊन चढलं की पान पाणी वाचवायला स्वतःची छिद्रं मिटून घेते, म्हणजे चूल पेटलेली पण स्वयंपाक बंद. पानं लहान, जाड, कडा करपलेल्या. सांबाराचं तर विचारूच नका, वीतभर व्हायच्या आधीच फुलावर आला.

आता कडूलिंब. इथं मी फसलो, कारण पंधरा दिवसांनी तिथलीच रोपं सगळ्यात उंच दिसून राहिली होती, बायकोला फोटोही पाठवला. खाली बसून पाहिलं तर उंची सगळी देठाची, पान त्या देठावर लोंबून राहिलं, आणि इतकं पातळ की उजेडाकडं धरलं तर मागचं बोट दिसे. झाडाची सावली म्हणजे नुसता कमी उजेड नव्हे ना. वरची पानं लाल उजेड स्वतः खाऊन घेतात आणि त्याच्या पलीकडचा अतिलाल, जो आपल्याला जवळपास दिसतच नाही, तो खाली सोडतात. उघड्यावर हे दोन्ही साधारण बरोबरीचे असतात, दाट झाडाखाली लाल पार घटतो. रोपात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं ते हा फरक ओळखते, आणि रोप समजते की डोक्यावर कोणीतरी बसलाय, पळा वर. मग सगळी ताकद देठात. शिवाय कडूलिंबाची मुळं पाणी ओढतात ते वेगळंच.

नेट अशी चाळण लावत नाही, सगळाच उजेड थोडा थोडा कापते (हिरव्या नेटमध्ये रंगाचा किंचित फरक पडतो, पण झाडाएवढा नाही). त्यामुळं ५० टक्केवालीखाली, म्हणजे निम्मा उजेड अडवणारीखाली, पानं रुंद आली, गर्द हिरवी, देठ मापात. गर्द का, तर कमी उजेडात पान वजनाच्या मानानं हरितद्रव्य जास्त ठेवते. पण रुंद पान पाहून हुरळू नका. उघड्यावरची आणि नेटखालची वीस-वीस पानं तोडून किचनच्या काट्यावर ठेवली, नेटखालची जवळपास दीडपट रुंद दिसत होती आणि वजनात फरक थोडकाच, कारण सावलीतलं पान पसरते पण पातळ होते. तोडल्यावर मलूलही लवकर होते, सकाळी तोडा नि लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा.

टक्क्यांचा घोळ बहुतेकांचा होतो. नेटवरचा आकडा म्हणजे ती किती उजेड अडवते. मला दुकानात ९० वाली माथी मारत होते, जास्त टक्के म्हणजे जास्त मजबूत म्हणे. ती गाडीवर टाकायला ठीक, पालकाला नाही. ७५ खालीसुद्धा भाजी लांबुडकी होते, शिवाय फार सावलीत पालकात नायट्रेट (जास्त झाला तर खायला बरा नाही असा क्षार) साठते. आणि नेट सहा-सात फुटांवर बांधा, डोक्याला लागेल अशी बांधली की खाली भट्टी होते.

चवळाई म्हणजे माठ मात्र नेटखाली टाकू नका. ती मक्या-ज्वारीच्या जातकुळीतली, म्हणजे तिची अन्न बनवायची पद्धत तशी, तिला कडक ऊनच लागते, सावलीत खुजी नाही पण खंगलेली होते.

नेट काढायची कधी, हे महत्त्वाचं. पावसाळ्यात ढगांचीच सावली असते, त्यात नेट ठेवली की रोपं ओलीत कोलमडतात. पण भर उन्हात एकदम काढू नका, मी एका रविवारी सकाळी उत्साहात काढली आणि दुपारी तीनला पानांवर पांढरे चट्टे. सावलीत घडलेलं पान नंतर उन्हाचं पान होत नाही, उन्हाला टिकणारी नवीन पानंच यावी लागतात. संध्याकाळी, एक बाजू आधी, आठवडाभरानं दुसरी.

तर मेव्हण्याला सांगितलं, पालक-सांबाराला एप्रिल ते जून ५० ची नेट घे, पांढरी मिळाली तर ती घे, चवळाई उघड्यावर. कडूलिंबाखाली धोपा (म्हणजे अळू) नि हळद लाव, त्यांना सावली चालते, फक्त पाणी जास्त घालावं लागेल. तो म्हणे, धोपा घरात कोण खाते. त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मी खाते.