खटक्याचा लायटर की शेगडीतलं ऑटो-इग्निशन?

पावसाळ्यात सकाळी चहाला उशीर झाला की दोष बहुतेक ठिणगीचाच असतो. आमच्या ओट्यावर दोन्ही प्रकार आहेत, म्हणून हे दोन शब्द.

खटक्याच्या लायटरला बॅटरी लागत नाही. आत स्प्रिंगवरची हातोडी पिझो स्फटिकावर आपटते आणि क्षणभर हजारो व्होल्ट तयार होतात. (दाब पडला की स्फटिकात वीज तयार होते, हा गुणधर्म क्युरी बंधूंनी 1880 मध्ये शोधला.) ठिणगी दिसेना तर आधी टोक कोरड्या फडक्यानं पुसा, तेलकट थर आणि ओल यांतूनच वीज निसटते. स्प्रिंग ढिली पडली असेल तर मात्र नवा आणा, खोलत बसू नका.

ऑटो-इग्निशनचं, म्हणजे नॉब फिरवला की शेगडीच ठिणगी देते त्या सोयीचं, दुखणं वेगळं. टकटक मंदावली तर बॅटरी बदला. टकटक आहे पण ज्योत नाही, तर बर्नरशेजारची ठिणगी देणारी पांढरी चिनी मातीची कांडी बघा. आमच्याकडे उतू गेलेलं दूध तिच्यावर करपून बसलं होतं. जुन्या टूथब्रशनं घासलं, वाळवलं, काम झालं. बर्नरची टोपी तिरकी बसली तरी ठिणगी भलतीकडे उडते.

दोन्हीकडे एक चूक सारखीच: गॅस आधी सोडून मग खटखट करत राहणं. एलपीजी हवेत साधारण 2 ते 9 टक्के असतानाच पेटतो, आणि जड असल्यानं खाली साचतो. दोन-तीन प्रयत्नांत पेटला नाही तर नॉब बंद, खिडकी उघडी.

माझं मत विचाराल तर लायटरच. ऑटो-इग्निशनची ऐट छान, पण बॅटरी नेमकी पाहुणे आल्यावर संपते.