मेपोलिझुमॅब इंजेक्शन, बरेच महिने घेतल्यानंतरचा अनुभव (एचईएससाठी)

हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम म्हणजे एचईएससाठी मी मेपोलिझुमॅब घेतेय, ब्रँडचं नाव न्यूकाला. या आजारात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तात फार वाढतात आणि अवयवांना त्रास देतात. सुरू करायच्या आधी मी खूप शोधलं होतं, पण दम्यासाठी घेणाऱ्यांचेच अनुभव सापडायचे, एचईएसवाल्यांचे जवळजवळ नाहीतच, म्हणून सविस्तर लिहितेय. दोन्हीत फरक आहे हो. दम्याला मोठ्या माणसांचा डोस 100 मिग्रॅ, आपल्याला 300, म्हणजे दर 4 आठवड्यांनी एकाच दिवशी तीन टोचण्या.

काउंटबद्दल, म्हणजे रक्तातल्या इओसिनोफिलच्या संख्येबद्दल बोलायचं तर औषध जबरदस्त आहे. इओसिनोफिल रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण 500 च्या खाली असायला हवेत, 1500 च्या वर टिकून राहिले आणि त्यामुळे अवयवांना त्रास व्हायला लागला की एचईएस म्हणतात, आणि माझा काउंट त्याच्याही कितीतरी वर होता. पहिल्या डोसनंतरच्या सीबीसीतच (रक्तपेशी मोजायची तपासणी) तो धाडकन खाली आला तो आजपर्यंत खालीच आहे. हे औषध आयएल-5 नावाच्या प्रोटीनला अडवतं, त्याच्याच जोरावर इओसिनोफिल तयार होतात आणि टिकतात. खाज गेली, अंगावरचे चट्टे गेले, खोकला बराच कमी झाला.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो स्टिरॉइड कमी झाल्याचा. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीने पण काउंट पडतो, तोही पटकन, पण झोप उडते, साखर चढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात आणि माझ्या बाबतीत डोस जरा उतरवला की काउंट परत वर. इंजेक्शन लागू पडल्यावर डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने गोळ्या उतरवल्या आणि आता मी अगदी थोड्या डोसवर आहे. बरं वाटलं म्हणून कोणीही स्वतःच्या मनाने स्टिरॉइड एकदम बंद करू नका प्लीज, शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं मंदावलेलं असतं, ते सुरळीत व्हायला वेळ लागतो.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते. ज्या ट्रायलवरून 2020 मध्ये अमेरिकेत एचईएससाठी मंजुरी मिळाली त्यात 108 पेशंट होते, 32 आठवड्यांत आजार परत उसळलेले लोक प्लासिबोवर (औषध नसलेलं खोटं इंजेक्शन) 56 टक्के आणि या औषधावर 28 टक्के. म्हणजे प्रमाण निम्म्यावर आलं, शून्यावर नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. काउंट नॉर्मल आला म्हणजे अवयव नॉर्मल झाले असं नाही! इओसिनोफिलच्या आत दाणे असतात, त्यात विषारी प्रोटीन्स असतात, ती हृदयात सांडली की आधी आतल्या अस्तराला इजा होते, मग त्या जागी गुठळ्या धरतात, आणि शेवटी तिथे व्रण होऊन हृदय कडक होतं, व्हॉल्व्ह गळायला लागतात. लॉफलर नावाच्या डॉक्टरने हे 1936 मध्येच लिहून ठेवलंय. गुठळी सुटून मेंदूत गेली तर स्ट्रोक. आणि काउंटच्या आकड्यावरून हृदयाला किती लागलंय ते कळतच नाही, कोणाचा काउंट प्रचंड असून हृदय ठीक असतं आणि कोणाचा मध्यम असून बिघडलेलं असतं. त्यामुळे इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रोटीन) या तपासण्या मागून घ्या, शंका असेल तर कार्डिॲक एमआरआय, आणि हे सगळं छातीत काही होत नसलं तरीही. माझ्या इकोत आतल्या अस्तराचा थोडा जाडपणा आहे, तो इतक्या महिन्यांत वाढलेला नाही, पण कमीही झालेला नाही. इंजेक्शन पुढचं नुकसान थांबवायला मदत करतं, एकदा बनलेला व्रण ते पुसत नाही. पायांच्या मुंग्यांचंही तसंच, थोड्या कमी झाल्यात पण आहेत, नसा फार हळू भरून येतात असं न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले.

आणि हे सगळ्यांचं औषध नाही. सुरू करण्याआधी एफआयपी1एल1-पीडीजीएफआरए या जीनमधल्या बदलाची टेस्ट झालीय ना ते नक्की विचारा. हा बदल 2003 मध्ये सापडला, तो असेल तर इमॅटिनिबची (कॅन्सरवरचं एक औषध) गोळी लागू पडते, बऱ्याच जणांना रोज 100 मिग्रॅ सुद्धा पुरते. त्यात ट्रोपोनिन वाढलेलं असेल तर सुरुवातीला सोबत स्टिरॉइडचं कव्हर देतात, नाहीतर हृदयाला धोका असतो. माझी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून मी या इंजेक्शनवर. दुसरं म्हणजे जंत, त्यातही स्ट्राँगिलॉइड्स. हा जंत स्वतःच इओसिनोफिल वाढवतो आणि तो अंगात असताना स्टिरॉइड दिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती तपासणी आधी. माझी पहिल्या ठिकाणी केलीच नव्हती, दुसऱ्या डॉक्टरांनी करायला लावली.

टोचण्याबद्दल थोडक्यात. इंजेक्शनचं भरलेलं पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला ठेवायचं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, घ्यायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचं, गार औषध जास्त चरचरतं. पोट किंवा मांडी, तिन्ही टोचण्यांत कमीत कमी 5 सेंमी अंतर. मला त्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखतं, दुसऱ्या दिवशी अंग जड वाटतं, टोचलेल्या जागी लाली येते ती एक-दोन दिवसांत जाते. नागिणीची लस घ्यायची का ते सुरू करायच्या आधीच विचारून ठेवा, कारण या औषधावर काही जणांना नागीण झाल्याची नोंद आहे. पहिले डोस दवाखान्यातच घ्या, ॲलर्जीची रिॲक्शन क्वचित येते पण आली तर तिथे माणसं असतात.

स्टिरॉइड पूर्ण सुटतं का ते पुढच्या इकोनंतर ठरणार आहे, डॉक्टरांना घाई नाही आणि मलाही नाही.