डेमोत मेलेली कीड आठ दिवसांनी परत येते, ती का?

वरुड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत संत्र्याच्या वावरात गाडीवर औषध घेऊन येणारे विक्रेते डेमो म्हणून एकच खेळ करतात. पिठ्या ढेकूण (अंगावर पांढरं पीठ असणारी, रस शोषणारी कीड) लागलेली फांदी निवडायची, कपभर पाण्यात झाकणभर औषध घोळून मारायचं. पाच मिनिटांत पांढरं पीठ गायब! "ऑर्गॅनिक आहे, एकदाच मारा." शेतकरी धुऱ्यावरच पैसे मोजतो.

पीठ म्हणजे कीड नव्हे, तिच्या अंगावरचं मेण. साबणाच्या किंवा तेलाच्या कडक द्रावणानेही ते निघतं. वरवरची कीड मरतेही, पण कापसासारख्या पुंजक्यातली शेकडो अंडी आणि सालीच्या फटीतली पिल्लं शाबूत राहतात. आठ-दहा दिवसांत तीच फांदी पुन्हा पांढरी होते. शिवाय डेमोत झाकणभर औषध कपात असतं, तुमच्या वावरात तेच पंधरा लिटरच्या पंपात जातं. डेमोइतकं कडक मारलं, तर नवती म्हणजे कोवळी पालवी करपते.

खवल्याखाली दडून फांदीला चिकटणाऱ्या खवले किडीच्या बाबतीत युक्ती वेगळी. मेलेले खवलेही महिनोन् महिने फांदीला चिकटून राहतात. विक्रेता तेच खरवडून "बघा, मेली" म्हणतो. खवल्यावर टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक दिसलं, तर ती कीड परोपजीवी गांधीलमाशीने (जिची पिल्लं किडीच्या अंगावरच वाढतात) कधीच मारलेली आहे, औषधाने नाही. नखाने खवला उचला. खाली ओलं, रसरशीत अंग असेल तर जिवंत; कोरडा भुगा असेल तर मेलेली. चिखलदऱ्याच्या कॉफीवर पानाच्या मधल्या शिरेला चिकटणाऱ्या हिरव्या खवले किडीलाही हीच परीक्षा लावा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी थाप म्हणजे, "ही बघा मोठी पिठ्या, हिला आधी मारा." लांब पांढऱ्या झुपक्यांची, भराभर चालणारी ती अळी बहुधा क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची असते. कॉफीच्या हिरव्या खवले किडीसाठी 1898 साली हा भुंगेरा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला. त्या किडीवर फारसा चालला नाही, पण पिठ्या ढेकणावर तुटून पडतो. त्याला मारलं की कीड मोकाट वाढते आणि पुढचा हंगाम विक्रेत्याचाच.

बाटलीवर बारीक अक्षरात 'वाढवर्धक' किंवा 'टॉनिक' छापलेलं असेल, तर ते कीटकनाशक म्हणून विकताच येत नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण हवाच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. बाटलीत काय होतं हेच ठाऊक नसेल, तर दवाखान्यात डॉक्टरांना काय सांगणार?

स्वस्तातला उपाय घरीच होतो. 5 किलो निंबोळीचा भरडा रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि पाणी घालून 100 लिटर करा. जास्त लागलेल्या फांद्या आधी छाटून जाळा. पानाच्या खालून मारा आणि 10-12 दिवसांनी पुन्हा मारा, कारण अंड्यांतून निघालेली रांगती पिल्लं औषधाला सहज बळी पडतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर चिकट पट्टी बांधा. मुंग्या किडीच्या अंगातून निघणाऱ्या चिकट गोडव्यासाठी किडीची राखण करतात, मित्रकीटकांना जवळ येऊ देत नाहीत.

गाडीवरचं औषध घेतलंच असेल, तर पक्कं बिल मागा आणि एक बाटली सीलबंद ठेवा. फांदीचे फोटो फवारणीआधी आणि बाराव्या दिवशी काढून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. बिल नसेल तर ग्राहक आयोगात उभं राहणं अवघड जातं, आणि गाडीवाला बिल देत नाही तो त्याचसाठी.